अखंड ध्वनी, तुकड्यांचे चित्र

एकाच प्रसंगाचे अनेक कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रण करायचे, त्याचा ध्वनी मात्र वेगळ्या यंत्रावर मुद्रित करायचा आणि नंतर संकलनाच्या टेबलावर ती सगळी चित्रे त्या ध्वनीशी जुळवून एकच सलग प्रसंग उभा करायचा, ही पद्धत आज गाण्यांच्या स्पर्धांपासून नाटकांच्या चित्रीकरणापर्यंत सर्वत्र इतकी रुळली आहे, की तिच्यामागे अर्धशतकाची झटापट आहे याची जाणीव प्रेक्षकाला सहसा होत नाही. चित्र आणि ध्वनी यांच्या या क्षणाक्षणाच्या मेळाला समक्रमण म्हणतात, आणि व्यवसायातल्या बोलीत त्याचे नाव नुसते ‘सिंक’ असे आहे. समक्रमणाचे कोडे वरवर एक दिसले तरी त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. पहिला प्रश्न वेगाचा असतो, कारण कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक ही दोन्ही यंत्रे शेवटपर्यंत एकाच गतीने चालली नाहीत तर सुरुवातीला जुळलेले चित्र काही मिनिटांत सुटते. दुसरा प्रश्न आरंभबिंदूचा असतो, कारण गती तंतोतंत सारखी असली तरी ध्वनिपट्टीवरच्या कोणत्या क्षणाशी चित्राची कोणती चौकट जुळते, हे कुणीतरी ठरवावेच लागते. चित्रीकरणाच्या आरंभी कॅमेऱ्यासमोर वाजवली जाणारी क्लॅपची पाटी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. तिची फळी मिटल्याची चौकट आणि ‘टक्’ असा आवाज एकमेकांसमोर ठेवले की आरंभ सापडतो. पहिल्या प्रश्नापुढे मात्र ही पाटी हतबल असते. यंत्रांच्या गतीत हजारात एकाचा जरी फरक पडला, तरी सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने अकरा मिनिटांत सोळा चौकटींची, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश सेकंदाची तफावत पडते, आणि ओठ व शब्द यांच्यात दोन-तीन चौकटींचे अंतर पडले तरी ते सजग डोळ्याला खटकते.

हे दोन्ही प्रश्न प्रथम मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते अमेरिकेत, बोलपटाच्या उदयकाळात. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ६ ऑगस्ट १९२६ रोजी ‘डॉन जुआन’ हा चित्रपट आणि ६ ऑक्टोबर १९२७ रोजी ‘द जॅझ सिंगर’ हा चित्रपट ज्या पद्धतीने दाखवला, तिचे नाव व्हिटाफोन असे होते. या पद्धतीत ध्वनी फिल्मवर नसून सोळा इंच व्यासाच्या, मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असे. तबकडीची एक बाजू आणि ३५ मिलिमीटर फिल्मचे हजार फुटांचे एक रीळ यांचा कालावधी जवळपास सारखा, म्हणजे सुमारे अकरा मिनिटांचा असे, आणि चित्रपटगृहात प्रक्षेपक व तबकडीचे यंत्र एकाच मोटारीला जोडलेले असत. फिल्मच्या पहिल्या चौकटीवर एक खूण असे आणि तबकडीवर, मध्याजवळ जिथून सुई बाहेरच्या दिशेने जायला निघे तिथे, बाणाची दुसरी खूण असे. प्रक्षेपकचालकाने या दोन खुणा जुळवल्या की आरंभबिंदूचा प्रश्न सुटे. मात्र वाटेत फिल्म तुटली आणि जोडताना चार चौकटी गाळल्या गेल्या, तर त्यांच्या जागी नेमक्या चारच काळ्या चौकटी घालाव्या लागत, अन्यथा रीळ संपेपर्यंत पात्रे दुसऱ्याच क्षणाचे शब्द बोलत राहत.

बहुकॅमेरा चित्रणाचा जन्म याच तबकडीच्या पोटी झाला, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. फिल्म कापता येते, तबकडी कापता येत नाही. मेणाच्या जाड चकतीवर एकदा ध्वनी कोरला की त्यातले एखादे वाक्य काढून टाकणे किंवा दोन प्रसंगांचे ध्वनी जोडणे त्या काळात जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग मुद्रित करावा लागे. पण मूकपटाने तोपर्यंत दूरदृश्य, मध्यदृश्य आणि समीपदृश्य यांच्या जलद फेरपालटाची सवय प्रेक्षकाला लावली होती, आणि एकाच कॅमेऱ्याने अकरा मिनिटे न्याहाळलेला प्रसंग त्याला कंटाळवाणा वाटला असता. यावर काढलेला तोडगा असा, की वेगवेगळ्या भिंगांचे अनेक कॅमेरे एकाच वेळी चालवायचे, त्यांच्या मोटारी आणि ध्वनिमुद्रकाची मोटार विजेच्या एकाच गतीने बांधून ठेवायच्या, आणि नंतर एका कॅमेऱ्याच्या चित्राचा तुकडा काढून त्याच्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्याचा, त्याच क्षणाचा आणि तेवढ्याच चौकटींचा तुकडा बसवायचा. ध्वनी अखंड असल्यामुळेच चित्र तुकड्यांनी रचण्याची मोकळीक मिळते, हा या सबंध कलेचा मूलभूत नियम त्या मेणाच्या चकतीने घालून दिला, आणि पुढे साधने कितीही बदलली तरी तो बदलला नाही.

या मोकळिकीची किंमत चित्रणस्थळी मोजावी लागे. कॅमेऱ्यांची घरघर ध्वनिग्राहकात जाऊ नये म्हणून प्रत्येक कॅमेरा, त्याच्या चालकासह, जाड भिंतींच्या आणि काच लावलेल्या खोलीवजा पेटीत बंद केला जाई. दिव्यांच्या उष्णतेत चालक त्या पेटीतून घामाने निथळत बाहेर येत. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत पाळण्यावर आणि गाड्यांवर मुक्तपणे संचारणारा कॅमेरा अशा रीतीने जागीच खिळला गेला. प्रकाशयोजनाही कोणत्या तरी एका कोनासाठी न करता सगळ्यांना चालेल अशी सपाट करावी लागे. १९३०च्या सुमारास ध्वनी प्रकाशरेषांच्या रूपाने फिल्मवरच मुद्रित करण्याची पद्धत सर्वमान्य झाली, ध्वनीची फिल्मही कात्रीखाली येऊ लागली, कॅमेऱ्याभोवती आवाज शोषणारे कवच बसवता येऊ लागले, आणि मग अनेक कॅमेऱ्यांची गरजच उरली नाही. दिग्दर्शक पुन्हा एका कॅमेऱ्याकडे वळले; संवाद तुकड्यातुकड्यांनी चित्रित होऊ लागला आणि प्रत्येक तुकड्याच्या आरंभी क्लॅप वाजू लागली.

भारतीय बोलपटाने याच काळात निराळी वाट धरली, आणि तिचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरणार नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेला अर्देशर इराणी यांचा ‘आलम आरा’ तानार नावाच्या यंत्रावर चित्रित झाला होता, आणि त्यात चित्र व ध्वनी एकाच निगेटिव्हवर एकाच वेळी उमटत. सिंक त्यामुळे आपोआप साधत असला तरी संकलन अवघड होत असे, कारण यंत्रात चित्राची खिडकी आणि ध्वनी उमटण्याची जागा वेगवेगळ्या ठिकाणी असल्याने एखाद्या चौकटीचा ध्वनी तिच्या शेजारी नसून काही चौकटी पलीकडे असतो, आणि चित्राच्या सोयीने कापले की ध्वनीचा लचका तुटतो. स्टुडिओशेजारून जाणाऱ्या आगगाड्यांचा आवाज टाळण्यासाठी हे चित्रीकरण बरेचसे रात्री करावे लागले. पुढे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूप छाँव’मध्ये पार्श्वगायनाची पद्धत आणली, तेव्हा गाण्यापुरता हा प्रश्न उलट्या टोकाने सोडवला गेला. गाणे आधी मुद्रित करायचे, सेटवर ते कर्ण्यातून वाजवायचे आणि नटाने त्याबरोबर ओठ हलवायचे, म्हणजे ध्वनी आधी आणि चित्र नंतर. यातही अखंड ध्वनीवर तुकड्यांचे चित्र बसवण्याचे तत्त्व तेच होते. वेगळेपण एवढेच की अनेक कॅमेऱ्यांचे काम एकच कॅमेरा, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या त्याच गाण्यावर करत असे.

अमेरिकेत बहुकॅमेरा पद्धत परतली ती दूरचित्रवाणीमुळे. १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सीबीएस वाहिनीवर ‘आय लव्ह ल्यूसी’ ही विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा असे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांना पडद्यावरून पुन्हा चित्रित केलेली धूसर प्रत दाखवली जाई. ल्यूसिल बॉल आणि त्यांचे पती डेसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचे नव्हते, आणि बॉल यांचा विनोद समोर बसलेल्या प्रेक्षकांच्या हशावर फुलत असल्याने प्रेक्षकांशिवाय चित्रणही नको होते. यातून तीन ३५ मिलिमीटर कॅमेरे, समोर सुमारे तीनशे प्रेक्षक आणि नाटकासारखा सलग प्रयोग अशी रचना ठरली. अशा तऱ्हेचे प्रयोग जेरी फेअरबँक्स आणि अल सायमन यांनी त्याआधी केले होते, पण तिला स्थिर रूप मिळाले ते या मालिकेत. छायाचित्रणाची जबाबदारी कार्ल फ्रॉइंड यांच्याकडे होती. ‘मेट्रोपोलिस’च्या छायाचित्रकारांपैकी एक असलेल्या या जर्मन कलावंताने तिन्ही कॅमेऱ्यांना एकाच वेळी मानवेल असा, वरून येणारा समान प्रकाश योजला. संकलक डॅन कान यांच्यासाठी मुव्हिओला या उभ्या संकलनयंत्राचे एक खास रूप तयार झाले, ज्यात चित्राची तीन डोकी आणि ध्वनीचे एक डोके एकाच दांड्यावर एकत्र फिरत असत. तीन कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी पाहत संकलक कोणत्या चौकटीला कोणता कॅमेरा घ्यायचा हे ठरवी, आणि प्रेक्षकांच्या हशासह मुद्रित झालेला ध्वनी खाली न थांबता धावत असे. सहकाऱ्यांनी या यंत्राला तीन डोक्यांचा राक्षस असे नाव दिले होते. आजच्या संगणकावर दिसणाऱ्या बहुकॅमेरा खिडकीचे सारे सार या यंत्रात होते. तिन्ही कॅमेरे आणि ध्वनिमुद्रक एकाच छपराखाली, एकाच विजेवर चालत असल्यामुळे वेगाचा प्रश्न येथे उद्‌भवतच नव्हता.

तो उद्‌भवला कॅमेरा स्टुडिओबाहेर पडला तेव्हा. पोलंडमध्ये जन्मलेले आणि स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेले अभियंते स्टेफान कुडेल्स्की यांनी १९५१ साली खांद्याला अडकवता येणारा ‘नाग्रा’ हा ध्वनिमुद्रक बनवला. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुद्रित करील’ असा होतो. पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर तो उत्तम ध्वनी टिपत असे, पण ही फीत फिल्मसारखी कडेला छिद्रे असलेली नव्हती. छिद्रांत दात अडकवणारे चाक फिल्मला ठरलेल्या गतीपलीकडे सरकू देत नाही. गुळगुळीत फीत मात्र चाकावरून किंचित घसरते, उन्हात ताणते, आणि बॅटरी उतरू लागली की तिची गती बदलते. यावरचा उपाय चातुर्याचा होता. कॅमेऱ्याच्या मोटारीतून निघणारी सेकंदाला ५० किंवा ६० स्पंदनांची एक विद्युत्-लहर तारेतून ध्वनिमुद्रकाकडे न्यायची आणि फितीवर ध्वनीच्या जोडीने तीही मुद्रित करायची. पायलट टोन हे तिचे नाव. नंतर तो ध्वनी छिद्रांच्या चुंबकीय फिल्मवर उतरवताना यंत्र ही स्पंदने मोजते आणि फीत जिथे मंद वा जलद चालली असेल तिथे गती सुधारून घेते. फितीवर अदृश्य छिद्रे पाडण्याचाच हा प्रकार होता. रॉबर्ट ड्रू यांनी रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर आणि अल्बर्ट मेझल्स यांना घेऊन १९६० साली केनेडी आणि हम्फ्री यांच्या विस्कॉन्सिनमधल्या प्राथमिक निवडणुकीवर ‘प्रायमरी’ हा माहितीपट केला, तेव्हा कॅमेरामन आणि ध्वनिलेखक यांना बांधणारी ही तार गर्दीत किती अडचणीची ठरते हे उघड झाले. या गटाने मग बुलोव्हा कंपनीच्या अ‍ॅक्युट्रॉन घड्याळाचा आधार घेतला. या घड्याळात लंबक किंवा समतोलचक्र नसून सेकंदाला ३६० वेळा कंपणारा नादकाटा होता. तसाच एक कॅमेऱ्यात आणि एक ध्वनिमुद्रकात बसवला की दोन्ही यंत्रे तारेवाचून एकाच गतीने चालत. काही वर्षांत नादकाट्याची जागा क्वार्ट्‌झच्या स्फटिकाने घेतली. वेगाचा प्रश्न असा मिटला, पण आरंभबिंदूचा प्रश्न मिटला नाही. उलट तो चिघळला, कारण तार गेल्यावर प्रत्येक कॅमेरामन मनाला येईल तेव्हा कॅमेरा सुरू आणि बंद करू लागला.

संगीतमहोत्सवांत याचा पहिला मोठा अनुभव आला तो कॅलिफोर्नियातल्या माँटेरे येथे, १६ ते १८ जून १९६७ या तीन दिवसांत. पेनेबेकर यांच्या चमूने तेथे १६ मिलिमीटर कॅमेऱ्यांनी चित्रण केले आणि ध्वनी आठ पट्ट्यांच्या यंत्रावर मुद्रित झाला. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनिग्राहक नोंदले की आवाज आणि वाद्ये यांचे प्रमाण नंतर निवांत ठरवता येते. नीना शुलमन यांनी संकलित केलेल्या ‘माँटेरे पॉप’चा शेवट पंडित रविशंकर यांच्या सतारवादनाने होतो, आणि संकलनाच्या दृष्टीने तो भाग वारंवार पाहण्याजोगा आहे. सतार ऐकू येऊ लागते, पण बराच वेळ पडद्यावर वादक दिसतच नाहीत. दिसतात ते उन्हात बसलेल्या, झोपलेल्या, डोळे मिटलेल्या श्रोत्यांचे चेहरे. श्रोत्याच्या चेहऱ्याला सिंक लागत नाही, तो कोणत्याही क्षणाचा असला तरी चालतो, म्हणून अडचणीत सापडलेला संकलक त्याचा आसरा घेतो. येथे मात्र त्या आसऱ्याचे रूपांतर रचनेत झाले आहे. जेव्हा कॅमेरा अखेर मंचाकडे वळतो तेव्हा द्रुत लयीतली सतार आणि मुंबईकर उस्ताद अल्लारखा यांचा तबला यांचे संवाद-प्रतिसंवाद सुरू झालेले असतात, आणि तबल्यावर पडणारे बोट व त्याचा बोल यांच्यात तिळमात्र अंतर पडून चालत नाही. तबल्याचा प्रत्येक आघात ही एक क्लॅपच असते. जुळणी बिनचूक असेल तर तो तिची साक्ष देतो आणि चुकली असेल तर ती लपवू देत नाही.

दोन वर्षांनी, १५ ते १८ ऑगस्ट १९६९ या काळात न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी मॅक्स यास्गर यांच्या दूधव्यवसायाच्या शेतावर वुडस्टॉक महोत्सव भरला. चार लाखांहून अधिक माणसे जमली, रस्ते तुंबले, पाऊस कोसळला, आणि या सगळ्यात दिग्दर्शक मायकेल वॉडली व निर्माते बॉब मॉरिस यांच्या तरुण चमूने सुमारे १२० तासांचे चित्रण केले. चित्रणासाठी मुख्यतः एक्लेर हे फ्रेंच बनावटीचे, खांद्यावर पेलणारे १६ मिलिमीटर कॅमेरे होते. त्यांच्या पेटीत चारशे फूट फिल्म मावे; १६ मिलिमीटरच्या एका फुटात चाळीस चौकटी असल्याने ती सोळा हजार चौकटींची, म्हणजे अकरा मिनिटांची होते. व्हिटाफोनच्या हजार फुटी रिळातही चौकटी इतक्याच असत. पण तेव्हा सगळे कॅमेरे विजेच्या एकाच तालावर एकत्र सुरू होऊन एकत्र थांबत, आणि येथे प्रत्येक कॅमेरामन आपापल्या अकरा मिनिटांचा धनी होता. एकाची फिल्म गाण्याच्या मध्यावर संपे, दुसरा ती वाचवण्यासाठी कडव्याकडव्याला कॅमेरा बंद करी, तिसरा मंचाच्या कडेवरून गर्दीकडे वळे. प्रत्येक नव्या आरंभाला प्रत्येक कॅमेऱ्यासमोर पाटी वाजवणे त्या कोलाहलात शक्य नव्हते, आणि ती बहुधा वाजवली गेलीच नाही.

ध्वनीची बाजू एडी क्रेमर यांनी सांभाळली. बिल हॅनली यांनी उभारलेल्या ध्वनिक्षेपण व्यवस्थेतून येणारे संगीत ते आठ पट्ट्यांच्या यंत्रावर घेत, आणि त्या आठांपैकी एक पट्टी समक्रमणाच्या स्पंदनांसाठी राखून ठेवलेली होती. सात पट्ट्यांत एखादा सबंध वाद्यमेळ बसवण्याची कसरत करावी लागत असताना एक पट्टी जिच्यात ऐकण्यासारखे काहीच नाही अशा स्पंदनांना देणे हा मोठा त्याग होता, आणि त्यामुळेच संगीताची गती पुढे चित्राच्या गतीशी बांधता आली. वेगाचे उत्तर फितीवर होते. आरंभबिंदूंची शेकडो उत्तरे मात्र शोधायची राहिली होती.

ती शोधली गेली न्यूयॉर्कच्या संकलनकक्षात, माणसांच्या डोळ्यांनी. थेल्मा स्कूनमेकर, मार्टिन स्कोर्सेसी, स्टॅन वॉर्नो, यू-बन यी आणि जेरी हगिन्स हे वॉडली यांच्यासह संकलकांच्या नामावलीत आहेत. त्यांच्यामागे साहाय्यकांची मोठी फळी होती आणि तिच्या कामाचा पहिला दीर्घ टप्पा केवळ जुळणीचा होता. या कामाचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. साहाय्यकाच्या हाती फिल्मचा एक तुकडा येतो, ज्यात एक गायक काहीतरी गातो आहे पण आवाज नाही. समोर त्याच गायकाच्या तासभराच्या मैफलीचा सलग ध्वनी असतो. आधी कपडे, प्रकाश, वाद्ये यांवरून गाणे ओळखायचे, मग कडवे, मग शब्द. ओठांवरून शब्द ओळखताना ओष्ठ्य व्यंजने उपयोगी पडतात, कारण प, ब आणि म उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात आणि ते मिटण्याची चौकट डोळ्याला सापडते. क आणि ग तोंडाच्या आत घडतात आणि कॅमेऱ्याला त्यांचा पत्ता लागत नाही. गायक ध्वनिग्राहकाआड गेला असेल तर गिटारवरची बोटे पाहायची, तीही दिसत नसतील तर ढोलाच्या काठीचा आघात शोधायचा. एक जागा सापडली की फिल्म पुढे-मागे फिरवून दुसरी पडताळायची, कारण ठेक्याच्या संगीतात एक मात्रा चुकूनही चित्र जुळल्याचा भास होतो. अशा रीतीने प्रत्येक तुकडा आपल्या जागी बसला, की चित्राच्या आणि ध्वनीच्या कडेवर सारखेच अंक छापायचे, म्हणजे पुढे कितीही कापाकापी झाली तरी ती जुळणी हरवत नाही. या श्रमाची नोंद चित्रपटात कुठेही दिसत नाही, आणि तो श्रम झाला नसता तर त्या तीन दिवसांचे चित्रण म्हणजे मुक्या तुकड्यांचा ढीग ठरला असता.

अमेरिकेत तेव्हा नवे असलेले, हँबर्गच्या कंपनीचे केईएम संकलन-टेबल या कामी मोलाचे ठरले. मुव्हिओलामध्ये फिल्म उभी आणि झटक्याझटक्याने चाले. या आडव्या टेबलावर ती सपाट थाळ्यांवरून सुळकन सरके, प्रकाश फिरत्या लोलकातून जाई, आणि अनेक चित्रे व ध्वनी एकत्र चालवता येत. एकाच क्षणाची वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे शेजारी शेजारी पाहण्याची ही सोय आणि चित्रपटाची प्रसिद्ध विभाजित चौकट यांचे नाते उघड आहे. २६ मार्च १९७० रोजी वॉर्नर ब्रदर्सने प्रदर्शित केलेल्या, तीन तासांहून थोड्या अधिक लांबीच्या ‘वुडस्टॉक’मध्ये पडदा वारंवार दोन वा तीन भागांत विभागला जातो, एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला त्याचाच दुसरा कोन किंवा चिखलातले श्रोते दिसतात. बहुकॅमेरा संकलनात एरवी एक कॅमेरा निवडणे म्हणजे बाकीच्यांचा त्याग असतो. येथे त्यागाऐवजी सहअस्तित्व आले. याने जुळणीची कसोटी मात्र अधिक कठोर झाली, कारण एकाच गायकाची दोन मुखे शेजारी असताना त्यांच्यातली एका चौकटीची तफावतही उघडी पडते. या संकलनासाठी स्कूनमेकर यांना ऑस्करचे नामांकन मिळाले आणि चित्रपटाला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. शुक्रवारच्या पावसात झालेले रविशंकर आणि अल्लारखा यांचे वादन, ज्यात तंबोऱ्यावर माया कुलकर्णी होत्या, त्या चित्रपटात आले नाही.

वुडस्टॉक महोत्सवाच्याच वर्षाअखेरीस, ६ डिसेंबर १९६९ रोजी, कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँट येथील रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमात मंचापुढे एका तरुणाचा भोसकून खून झाला, आणि मेझल्स बंधूंच्या अनेक कॅमेऱ्यांपैकी एकाने तो क्षण टिपला. शार्लट झ्वेरिन यांच्यासह केलेल्या ‘गिमे शेल्टर’मध्ये वादक संकलन-टेबलासमोर बसून तीच फिल्म मागे-पुढे फिरताना पाहतात. कोणत्या क्षणी काय घडले हे ध्वनी आणि चित्र यांच्या मेळातून ठरवण्याचे संकलकाचे कौशल्य येथे सत्यशोधनाच्या जवळ गेले. ते चित्रण पुढे न्यायालयात पुरावा म्हणूनही दाखवले गेले.

वुडस्टॉकच्या साहाय्यकांनी डोळ्यांनी केलेले काम अंकांनी करण्याची वाट त्याच सुमारास दुसऱ्या क्षेत्रात तयार होत होती. व्हिडिओ फितीवर चित्राच्या चौकटी डोळ्यांना दिसत नाहीत. ती कापताना संकलक लोहकणांचे द्रावण लावून चुंबकीय रेषा दृश्य करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली जोड घेत. या त्रासातून सुटण्यासाठी १९६७ साली अमेरिकेतल्या ईईसीओ कंपनीने प्रत्येक चौकटीला तास, मिनिट, सेकंद आणि चौकट अशा चार भागांचा पत्ता देणारी खूण विकसित केली, आणि सत्तरच्या दशकात ती टाइमकोड या नावाने आंतरराष्ट्रीय मानक झाली. प्रत्येक कॅमेरा आणि प्रत्येक ध्वनिपट्टी एकाच घड्याळाची वेळ स्वतःवर लिहून घेऊ लागली, की वेग आणि आरंभबिंदू हे दोन्ही प्रश्न एकाच उत्तरात मिटतात. अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीची गती सेकंदाला नेमकी ३० चौकटींची नसून २९.९७ असल्याने तासाला १०८ अंकांची तफावत पडे. ती मिटवण्यासाठी दर मिनिटाला दोन अंक गाळायचे आणि प्रत्येक दहाव्या मिनिटाला ते गाळायचे नाहीत असा, पंचांगातल्या क्षयतिथीची आठवण करून देणारा नियम करण्यात आला. आज टाइमकोड नसला तरी संगणक प्रत्येक कॅमेऱ्याच्या स्वतःच्या ध्वनीची लहर मुख्य ध्वनिपट्टीच्या लहरीशी ताडून काही क्षणांत जागा शोधतो. त्यातही निसर्गाची एक मर्यादा राहतेच. ध्वनी चित्राच्या एका चौकटीच्या काळात जेमतेम चौदा मीटर जातो, त्यामुळे सभागृहाच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याने ऐकलेला आवाज मंचावरच्या ध्वनिग्राहकापेक्षा दोन-तीन चौकटी मागे असतो, आणि केवळ लहरींवर विसंबून जुळवलेले ओठ तेवढेच चुकतात. अशा वेळी अखेरचा निवाडा पुन्हा डोळ्यांनीच करावा लागतो.

डोळ्यांकडून अंकांकडे जाण्याच्या या संक्रमणाच्या काळात, २५ नोव्हेंबर १९७६ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘द बँड’ या वाद्यवृंदाचा निरोपाचा कार्यक्रम झाला आणि स्कोर्सेसी यांनी तो ‘द लास्ट वॉल्ट्‌झ’ या नावाने चित्रित केला. वुडस्टॉकच्या अस्ताव्यस्तपणाचा अनुभव घेतलेल्या या दिग्दर्शकाने येथे काहीही नशिबावर सोडले नव्हते. सात ३५ मिलिमीटर कॅमेरे होते, ध्वनी चोवीस पट्ट्यांवर मुद्रित होत होता, आणि कोणत्या ओळीला कोणत्या कॅमेऱ्याने काय टिपावे याची शेकडो पानांची संहिता आधी लिहून ठेवली होती. स्कोर्सेसी कानाला लावलेल्या यंत्रांतून प्रत्येक छायाचित्रकाराला सूचना देत होते. संकलन पुढे जॅन रोब्ली आणि वुडस्टॉकच्या टेबलावर तयार झालेले यू-बन यी यांनी केले. कार्यक्रमाच्या मध्यात ब्लूजचे थोर गायक मडी वॉटर्स ‘मॅनिश बॉय’ गाण्यासाठी आले, तेव्हा ठरल्याप्रमाणे कॅमेरे फिल्म बदलण्यासाठी थांबवलेले होते. छायाचित्रकारांपैकी लास्लो कोवाच यांनी मात्र कानावरचे यंत्र काढून ठेवले होते; थांबण्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही आणि त्यांचा कॅमेरा चालतच राहिला. त्या गाण्याच्या चोवीसही पट्ट्या पूर्ण मिळाल्या होत्या, पण बदलून घालायला दुसऱ्या कॅमेऱ्याचे चित्र जवळजवळ नव्हते. म्हणून सात कॅमेऱ्यांच्या या चित्रपटात ते गाणे बहुतांश एकाच कॅमेऱ्याने दिसते, आणि वॉटर्स यांचा चेहरा त्यात कापाविना, श्वासाश्वासाला, स्वतःच्या आवाजाबरोबर चालत राहतो.